घन फिरवता येत नाही, म्हणून आर्किटेक्चर सोडायचं?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, एकत्र कुटुंब आहे. माझी लेक अकरावी सायन्सला आहे. लहानपणापासून तिला घरांचे नकाशे काढायचा नाद. पुढे इथल्याच युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चरला जायचं, हे तिनं आठवीतच ठरवून टाकलंय. गेल्या महिन्यात क्लासमध्ये 'नाटा'ची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची, सराव परीक्षा झाली. त्यात ठोकळ्याचं चित्र देऊन तो फिरवला तर कसा दिसेल, असे प्रश्न होते. त्यातले तिचे जवळजवळ सगळे चुकले. दिराचा मुलगा तिच्याच क्लासमध्ये आहे, त्याचे बहुतेक बरोबर आले. बाकी विषयांत ती त्याच्या पुढे असते.

भावोजी स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर आहेत, मनानं वाईट नाहीत. त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. डोरीन किमुरा नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्हणे आयुष्यभर संशोधन करून सिद्ध केलंय, की बायकांचा मेंदू वेगळा असतो. भाषा त्यांना येते, आकृत्या जमत नाहीत. "हे बाईच सांगतेय, मग पक्षपात कसा म्हणणार?" असं ते म्हणाले. शिवाय एका करिअर सेंटरमध्ये मुलीच्या बोटांचे ठसे देऊन मेंदूचा रिपोर्ट काढून आणला. त्यातही 'डावा मेंदू प्रबळ, भाषा व वाणिज्य योग्य' असं आलंय. सासूबाई म्हणतात, बारावीनंतर बीकॉम करू दे, डोक्याला ताप नको. लेक आता स्वतःच म्हणायला लागलीय, "आई, माझा मेंदूच तसा नाही." परीक्षा नेमकी पाळीच्या दिवसांत आली तर आणखी बिघडेल, अशीही धास्ती तिनं घेतलीय. क्लासच्या फीचा हप्ता भरायची तारीख जवळ आलीय. भरू का? — एक आई

उत्तर:

ताई, फी भरा. कारणं जरा सविस्तर सांगते, कारण ती तुम्हाला घरात चार माणसांपुढे मांडावी लागतील आणि मुख्य म्हणजे लेकीच्या गळी उतरवावी लागतील. "माझा मेंदूच तसा नाही" हे तिचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. घन फिरवणं शिकता येतं. पण हे वाक्य एकदा मनात घर करून बसलं, की मुलगी तो प्रश्न दिसताच पेन्सिल खाली ठेवते, आणि मग खरंच येत नाही.

आधी त्या बाईंबद्दल. डोरीन किमुरा (1933–2013) या खऱ्याखुऱ्या, मोठ्या संशोधक होत्या. भावोजींशी बोलताना त्यांना उडवून लावू नका, उलट त्यांचं काम नीट समजून घेऊन बोला. कॅनडाच्या खेड्यातल्या छोट्याशा शाळेत शिकवता शिकवता त्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पोचल्या. 1961 मध्ये त्यांनी मेंदूच्या रुग्णांवर एक साधा, पण फार सुरेख प्रयोग केला. कानांना हेडफोन लावायचे आणि दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे आकडे ऐकवायचे. डाव्यात 'पाच', त्याच वेळी उजव्यात 'दोन'. अशा काही जोड्या झाल्या की विचारायचं, काय काय ऐकू आलं? ज्यांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात होतं, म्हणजे बहुतेक माणसं, त्यांना उजव्या कानातले आकडे जास्त सांगता आले. ज्या थोड्या रुग्णांचं ते केंद्र उजव्या बाजूला होतं, त्यांचा डावा कान सरस ठरला. कानाकडून विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे जाणारा मार्ग जास्त जोरकस असतो, त्यामुळे असं होतं. पुढे 1964 मध्ये त्यांनी आकड्यांच्या जागी सुरावटी ऐकवल्या, तर डावा कान पुढे गेला. डोक्याला हात न लावता, नुसत्या हेडफोनवरून मेंदूची कुठली बाजू कशात पुढाकार घेते हे कळू लागलं. ही पद्धत आजही वापरात आहे.

तेव्हा मेंदूच्या दोन बाजूंमध्ये कामाची वाटणी असते, हे खरं. पण त्यावरून 'अमका डाव्या मेंदूचा, तमकी उजव्या मेंदूची' अशी माणसांची वाटणी करणं हा पुढच्या लोकांचा उद्योग आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात 2013 मध्ये 1,011 जणांच्या मेंदूचे स्कॅन तपासले गेले. काही कामं डावीकडे झुकलेली, काही उजवीकडे, हे दिसलं. पण ज्याची एक अख्खी बाजूच दुसरीपेक्षा जोरात चालते, असा माणसांचा प्रकार काही सापडला नाही. लेकीच्या रिपोर्टातला 'डावा मेंदू प्रबळ' हा शेरा इथेच निकालात निघतो.

आता ठशांचं. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात. गंमत अशी की किमुरा यांनी स्वतःही ठशांच्या डाव्या-उजव्या फरकाचा अभ्यास केला होता. पण तो गटागटांच्या सरासरीतला बारीकसा संबंध शोधण्याचा प्रयत्न होता. एका मुलीचा अंगठा बघून तिनं वाणिज्य घ्यावं की वास्तुकला, हे सांगायला त्याचा काडीचाही उपयोग नाही. अशा रिपोर्टांना शास्त्रीय आधार नाही. पैसे गेले ते गेले, पण तो कागद लेकीच्या टेबलावरून आजच उचला. त्यावर तिचं नाव आणि टक्केवारी छापलेली आहे, म्हणून तो तिला खरा वाटतोय.

व्हिडिओतलं बाकी सगळं खोटं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. किमुरा यांनी पुढे ओंटारिओत कित्येक वर्षं स्त्री-पुरुषांच्या आकलनातल्या फरकांवर काम केलं आणि काही फरक पुन्हा पुन्हा आढळले. मनातल्या मनात आकृती फिरवणं आणि नेम धरून फेकणं यांत पुरुषांची सरासरी जास्त येते. शब्द लक्षात ठेवणं, कुठली वस्तू कुठे होती हे आठवणं, बोटांची बारीक कामं यांत बायकांची जास्त येते. एकूण बुद्धीत फरक नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. व्हिडिओत ते वाक्य बहुधा गाळलं असेल.

1993 च्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना नकाशावर एक रस्ता शिकायला दिला होता. पुरुष तो कमी फेऱ्यांत, कमी चुका करून शिकले. पण रस्ता पाठ झाल्यावर वाटेतल्या खुणा कोणाला जास्त आठवतात हे पाहिलं, तर बायका पुढे. म्हणजे दोघंही मुक्कामी पोचले, फक्त वाट धरण्याची रीत थोडी वेगळी.

आणखी एक गोष्ट भावोजींना जरूर सांगा. 'बायकांचा मेंदू दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो, म्हणून त्या आकृत्यांत कच्च्या' हे मत त्या काळी जोरात होतं आणि आजही अशा व्हिडिओंतून फिरतं. किमुरा यांनी ते तसंच्या तसं मान्य केलं नाही. डाव्या मेंदूला इजा झालेले रुग्ण तपासताना त्यांना दिसलं, की बायकांची वाचा बहुतांशी पुढच्या भागाला इजा झाल्यावर जाते, पुरुषांची मागच्या भागाला झाल्यावरही जाते. त्यांच्या मते फरक डाव्या-उजव्यापेक्षा पुढच्या-मागच्या मांडणीत होता. ज्या बाईंच्या नावानं हा सिद्धान्त सांगितला जातोय, त्यांनीच तो उलटून तपासला होता.

फरक जीवशास्त्रीय आहेत, हार्मोन्सचा त्यात वाटा आहे, आणि प्रत्येक क्षेत्रात बायका निम्म्या असतील अशी अपेक्षा धरू नये, असं किमुरा ठामपणे म्हणत. त्यावरून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. माझं स्वतःचं मत असं की सवय आणि शिकवण यांचं वजन त्यांनी कमी धरलं. पण त्यांचा दुसरा आग्रहही तितकाच ठाम होता: नेमणूक असो की प्रवेश, प्रत्येकाला त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या गुणांवर तोलावं, गटाच्या नावावर नाही. बायकांसाठी राखीव जागांना त्यांचा विरोध होता, तो याच मुद्द्यावर. मग गटाच्या सरासरीकडे बोट दाखवून एका मुलीला दारातूनच परत पाठवणं त्यांच्या तत्त्वात कसं बसेल?

सरासरीचा अर्थ नीट धरला पाहिजे. आकृती फिरवण्यातला फरक हा या विषयातला सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. तरीही मुलग्यांचे आणि मुलींचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की चार मुलींपैकी एक तरी सरासरी मुलग्याच्या पुढे असते. कुठलाही एक मुलगा आणि कुठलीही एक मुलगी घेतली, तर साधारण तीनातून एकदा मुलगीच वरचढ निघते. उंचीतला फरक यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी शिंपी मुलीला समोर उभी करूनच टेप लावतो, बायकांची सरासरी उंची धरून कापड कापत नाही. गणिताचं तर विचारूच नका: 2008 मध्ये अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या 70 लाखांहून जास्त शाळकरी मुलांचे गुण तपासले, तेव्हा मुलगा-मुलगी फरक जवळजवळ शून्य निघाला.

आपल्या देशातलाच एक अभ्यास मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. ईशान्य भारतात खासी आणि कार्बी हे शेजार-शेजारचे समाज. खासींमध्ये घर-जमीन मुलीकडे जाते, परंपरेनं धाकटीकडे. कार्बींमध्ये ती मुलग्यांकडे जाते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हीकडच्या जवळजवळ 1,300 लोकांना एक कोडं दिलं: चार ठोकळे जुळवून घोड्याचं चित्र पूर्ण करायचं. कार्बी बायकांना पुरुषांपेक्षा सुमारे 36 टक्के वेळ जास्त लागला. खासींमध्ये बायका आणि पुरुष बरोबरीत होते. हवामान, शेती, राहणी सारखी. बदललं काय, तर मुलीला घरात काय स्थान आहे आणि तिला किती शिकवलं जातं. मेंदूला काहीच महत्त्व नाही, असं यावरून म्हणता येणार नाही. पण त्याच मेंदूला काय काय करायला मिळतं यानं केवढा फरक पडतो, हे त्यातून लख्ख दिसतं.

तुमच्या घराकडे या नजरेनं बघा. पुतण्या लहानपणी काय खेळला? सायकल उघडून बसला असेल, पतंगाच्या दिवसांत गच्चीवर तासन् तास असेल, मोबाइलवर ते धावपळीचे गेम खेळत असेल. टोरांटोच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं, की असे गेम नुसते दहा तास खेळल्यावर आकृती फिरवण्यातलं मुला-मुलींमधलं अंतर बरंच कमी होतं. लेकीला गेम आणून द्या, असं माझं म्हणणं नाही. सांगायचं एवढंच, की पुतण्याचा न दिसणारा सराव बरीच वर्षं चाललाय, तिचा आता सुरू होणार आहे.

आणि तो होतो. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी नावाच्या प्राध्यापिका शिकवत असत. स्वतः इंजिनीअरिंग शिकताना बाकी सगळे विषय त्यांना सोपे गेले, ड्रॉइंगनं मात्र रडवलं होतं. तुमच्या लेकीसारखंच. पुढे त्याच विषयाच्या शिक्षिका झाल्यावर 1993 च्या सुमारास त्यांनी एक छोटा अभ्यासक्रम तयार केला. प्रवेशाच्या वेळी आकृती फिरवण्याच्या चाचणीत कमी गुण पडलेल्या मुलामुलींसाठी तो होता, आणि त्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. तो केलेल्यांचे चाचणीतले गुण वाढले, ड्रॉइंगमधले वाढले, आणि इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या मुली कमी झाल्या.

त्यात जादू काही नाही, ठोकळे आणि पेन्सिल. घरी असं करा. एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे चौकोनी ठोकळे खेळण्यांच्या दुकानात मिळतात, ते आणा. सहा-सात ठोकळ्यांचा एक वाकडातिकडा आकार जोडून टेबलावर ठेवा. लेकीनं आधी समोरून, वरून आणि बाजूनं तो कसा दिसतो, ते तीन चौकोनांत काढायचं. मग आकाराला हात न लावता, तो उजवीकडे पाव फेरा फिरवला तर कसा दिसेल, ते काढायचं. काढून झाल्यावरच आकार फिरवायचा आणि चित्राशी ताडून बघायचा. क्रम हाच ठेवा. आधी फिरवून बघितलं तर ती नुसती नक्कल होते, डोकं बसून राहतं. सुरुवातीला बहुतेकांची एकच चूक होते: फिरवलेल्या आकाराऐवजी आरशातलं रूप काढलं जातं. तसं झालं की एका ठोकळ्यावर टिकलीचा ठिपका लावा आणि 'हा ठिपका कुठे गेला?' एवढंच विचारा. एका ठोकळ्याचा माग धरता आला, की बाकीचे त्याच्या मागून येतात. पेन्सिल हातात असूच द्या, कारण हातानं काढताना झालेली चूक नजरेत भरते. मग कागदावरच्या चित्रावरून आकार जोडायचा, म्हणजे उलटा सराव होतो. स्वयंपाकघरात गाजर तिरकं कापण्याआधी काप कसा निघेल ते काढायला सांगा, मग सुरी फिरवा.

रविवारी तिला जुन्या शहरात घेऊन जा. मधोमधच्या मांडवीखाली, जिथून चार दिशांना चार दरवाजे लागतात, उभं करा, डोळे मिटायला लावा आणि विचारा: लेहरीपुरा दरवाजा पाठीशी आहे, तर चांपानेर दरवाजा कुठल्या हाताला? डाव्या. आता गेंडीगेटकडे तोंड केलं, तर पाणीगेट कुठे? पुन्हा डावीकडे. मग घरी येऊन चारही दरवाजांसकट मांडवीचा वरून दिसणारा नकाशा तिनं आठवणीतून काढायचा. घरांचे नकाशे काढायचा नाद असलेल्या मुलीला हे आवडेल, याची मला खात्री वाटते. रोज अर्धा तास पुरे, पण रोज. दोन-अडीच महिन्यांनी सराव परीक्षा पुन्हा द्यायला लावा आणि तिचे नवे गुण तिच्याच जुन्या गुणांशी ताडा. पुतण्याचे गुण मध्ये आणू नका.

पाळीच्या दिवसांची भीती तर आजच काढून टाका. किमुरा आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ हॅम्पसन यांना दिसलं होतं, की इस्ट्रोजेन हे बायकांमधलं हार्मोन कमी असतं त्या दिवसांत, म्हणजे पाळीच्या सुमारास, बायकांचे आकृत्यांचे गुण उलट किंचित वर जातात. पुरुषांचे गुणही ऋतूप्रमाणे थोडे खालीवर होतात, असं त्यांनीच दाखवलं. हे चढउतार बारीक आहेत, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते सारखे आढळलेलेही नाहीत. परीक्षेचा निकाल त्यावर ठरत नाही. पोटात दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि पेपर द्यावा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची काळजी खरी आहे, नातीला अपयश येऊ नये एवढंच त्यांना हवंय. त्यांना फक्त आठवण करून द्या, की 1906 मध्ये सयाजीराव महाराजांनी सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही. त्याच काळात युरोपातले नावाजलेले विद्वान बायकांचा मेंदू वजनाला कमी भरतो म्हणून त्यांना उच्च शिक्षण झेपणार नाही, असं सांगत होते.

समजा, सराव मनापासून करूनही तिला हे काम आवडेनासं झालं, तर तिनं वाट बदलावी. बीकॉममध्ये कमीपणा काही नाही. पण ते तिनं करून बघून ठरवायचं. एका सराव परीक्षेवरून आणि एका व्हिडिओवरून ठरवायचं नाही.

राहता राहिले भावोजी. तुम्ही लिहिलंय ते मनानं वाईट नाहीत, आणि मला ते पटतं. वाईट माणूस पुतणीसाठी स्वतःच्या वेळेतून रिपोर्ट काढायला जात नाही. ते मेकॅनिकल इंजिनीअर आहेत, म्हणजे टॉप व्ह्यू, फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू काढण्यात त्यांची पहिली काही वर्षं गेलीयत. क्लासमधल्या कुणाहीपेक्षा हे त्यांना नीट शिकवता येईल. हे पत्र त्यांना वाचायला द्या. मग म्हणा, रोज जेवणाआधी अर्धा तास दोन्ही मुलांना घेऊन बसा, ठोकळे मी आणते. लेकीची वही त्यांनीच तपासावी, आणि पहिला महिना चुकांची संख्या न लिहिता फक्त चूक कुठे झाली तेवढं लाल पेन्सिलीनं दाखवावं.